घरच्या बीअरसाठी छोटा केग: कुठला घ्यावा?

रानवारा

मंडळी, घरी बीअर करण्यावर इथे जुने दोन-तीन धागे आहेत, पण केगवर, म्हणजे गॅसच्या दाबाखाली बीअर ठेवायच्या पिंपावर, वेगळा धागा सापडला नाही. म्हणून हा काढतोय.

मी मॅडिसन, विस्कॉन्सिनला राहतो. चार वर्षं झाली, तळघरात बीअर करतोय. एका वेळी पाच गॅलन, म्हणजे १९ लिटरच्या आसपास. करण्यात जेवढा आनंद आहे तेवढाच बाटल्या भरण्याचा वैताग. पन्नासेक बाटल्या धुवा, निर्जंतुक करा, साखर मोजून घाला, एकेक बूच दाबा, मग दोन-तीन आठवडे वाट बघा. तेही चालवून घेतलं असतं, पण गेल्या महिन्यात भरपूर हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालून केलेली धूसर आयपीए (इंडिया पेल एल) बाटल्यांत बघता बघता तपकिरी पडली. भरताना हवा लागली असणार. पहिली बाटली उघडली तेव्हा पिकल्या आंब्याचा वास होता, विसाव्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा. तीस बाटल्या मोरीत ओतल्या. जीव तुटला अगदी. त्याच दिवशी ठरवलं, आता केग.

प्रश्न असा की केवढा? घरात पिणारे आम्ही दोघंच, तेही शनिवार-रविवार एकेक ग्लास. तळघरात जुना फ्रिज आहे, पण त्याचा वरचा कप्पा आईनं घालून दिलेल्या लोणच्यांचा आहे आणि तो तिथेच राहणार. शिवाय उन्हाळ्यात मित्राच्या अंगणात जमतो तेव्हा केग उचलून नेता यायला हवा.

डोळ्यासमोर चार पर्याय आहेत: ५ गॅलनचा नेहमीचा सोडा-केग, २.५ गॅलनचे दोन, ५ लिटरचे पत्र्याचे छोटे पिंप, किंवा गॅसची कुपी लावायचा ग्राउलर (बीअर न्यायचा झाकणाचा जग). ज्यांनी वापरलेत त्यांनी अनुभव सांगा. माझा कल दोन छोट्यांकडे आहे, पण मन पक्कं होत नाही.

हॉप्सवाला

५ गॅलनचा घे. छोटा घेशील आणि सहा महिन्यांत मोठा आणायला धावशील. सगळे धावतात.

भटकी_मैना

हॉप्सवाला, सगळे नाही धावत. मी सात वर्षं २.५ गॅलनवर आहे आणि सुखात आहे.

रानवारा, मी जर्सी सिटीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. भरलेला ५ गॅलनचा केग म्हणजे १९ किलो बीअर आणि वर चार-साडेचार किलो स्टील. आपल्या जुन्या १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरनं घराघरात किती कंबरा धरल्या ते आठवा. हाही तसाच ऐवज. २.५ गॅलनचा भरलेला १२-१३ किलोच्या आत बसतो. मी तो एका हातात घेऊन जिना उतरते.

दुसरं म्हणजे फ्रिज. छोटा केग साधारण १४-१५ इंच उंच असतो. वरच्या कनेक्टरला आणखी दोन-तीन इंच धरा. एक जाळी काढली की नेहमीच्या फ्रिजमध्ये उभा राहतो. विकत घेण्याआधी फ्रिजचं तापमान बघू नका, उंची मोजा. मागे कॉम्प्रेसरची पायरी असते तिथली वेगळी मोजा, दार लावूनही मोजा. मी पहिल्या खेपेला दाराच्या आतला बाटल्यांचा कप्पा धरायची विसरले होते आणि दार अर्ध्या इंचानं लागेना.

किमतीचं मात्र तुमच्या कानावर घालते. आकार अर्धा म्हणून किंमत अर्धी नसते. नवा २.५ गॅलनचा बहुतेकदा ५ गॅलनच्याच भावात मिळतो, कधी चार पैसे वरही. पैसे सगळे झाकण, झडपा आणि वेल्डिंगचे.

सातारी_कंदी

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावरून निवड सोपी होते.

आपण ज्याला सोडा-केग किंवा कॉर्नी म्हणतो तो बीअरसाठी झालाच नव्हता. अमेरिकेतल्या उपाहारगृहांना कोला आणि बाकी पेयांचं सिरप यातून जायचं. कॉर्नी हे नाव कॉर्नेलियस कंपनीवरून पडलं. पुढे सिरप पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या पिशवीत यायला लागलं आणि हे स्टीलचे डबे ढिगानं भंगारात निघाले. घरी बीअर करणाऱ्यांनी ते उचलले. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केल्यावर घरगुती बीअर संघराज्याच्या कायद्यात बसली (दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही), त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं. अलाबामा आणि मिसिसिपीनं मात्र २०१३ पर्यंत ताटकळत ठेवलं.

नळी जोडायच्या पद्धतीवरून यात दोन जाती आहेत. पेप्सीवाल्यांचा बॉल-लॉक आणि कोकवाल्यांचा पिन-लॉक. बॉल-लॉक उंच आणि सडपातळ, पिन-लॉक जरा बुटका आणि रुंद. पिन-लॉकला गॅसच्या बाजूला दोन खुंट्या आणि बीअरच्या बाजूला तीन, त्यामुळे नळी चुकीच्या बाजूला बसतच नाही. बॉल-लॉकमध्ये बसू शकते, आणि बसली की निघता निघत नाही. मी एकदा पक्कड घेऊन तासभर झटलो आहे. बॉल-लॉकच्या गॅसच्या खांबाला (केगवर नळी जोडायचं उभं तोंड) तळाशी बारीक खाचा असतात, त्या बोटानं चाचपा आणि मगच दाबा.

तरीही घ्यायचा तर बॉल-लॉकच घे. आज छोटे नवे केग जे येतात ते जवळपास सगळे बॉल-लॉकच. उद्या तिसरा केग घेतलास, मित्राचा आणलास, साफसफाईची टोपी घेतलीस, तरी सगळं एकमेकांना लागेल. केगचे पैसे एकदाच जातात, जोडण्या दोन जातींच्या झाल्या की दर वेळी डोक्याला ताप.

जुना घेतलास तर रबराची सगळी कडी बदल. एका केगात पाच असतात: झाकणाचं मोठं एक, दोन खांबांची दोन, आतल्या नळ्यांची दोन. मी आळस केला आणि जुनीच ठेवली. त्या केगात आधी रूट बीअरचं सिरप होतं. तो वास म्हणजे आपल्या नाकाला गुडघ्यावर चोळायचं मलम. माझी गव्हाची बीअर तीन आठवडे त्या मलमाच्या वासाची लागत होती. स्टील धुतलं जातं, रबर वास सोडत नाही.

हॉप्सवाला

कंदी, पाच कड्यांचं +१. ते कुणी सांगत नाही.

राइनकाठ

जर्मनीतून नमस्कार. इथे ५ लिटरचं पत्र्याचं पिंप दुकानादुकानांत मिळतं, खाली लाल तोटी ओढायची आणि टेबलाच्या कडेला ठेवून ग्लास भरायचा. रिकामं झालेलं धुऊन, वर नवं रबरी बूच ठोकून घरची बीअर भरता येते. मी दोन वर्षं असंच केलं. चार पिंपं म्हणजे एक बॅच. फ्रिजमध्ये कुठेही आडवंतिडवं सरकतं, कुणाच्या घरी नेलं तर परत आणायची काळजी नाही.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, साखर. मी पहिल्यांदा बाटल्यांच्याच हिशेबानं घातली. आठवड्यानं बघतो तर चारही पिंपांचे तळ पुरीसारखे टम्म फुगलेले. फुटलं एकही नाही, पण त्या रात्री तळघराचं दार उघडायला मी कुणाला जाऊ दिलं नाही. साखर निम्म्यावर आणा. आणि हे पिंप जास्त दाबासाठी केलेलं नाही हे कधी विसरू नका.

दुसरी गोष्ट अशी की वरची हवा आत घेऊन नुसत्या उताराने बीअर काढायची असेल तर त्याच दिवशी संपवायची. दुसऱ्या दिवशी ती शिळ्या ताकासारखी निर्जीव. कुपी लावायची तोटी घेतली तर आठवडाभर चालते.

भटकी_मैना

राइनकाठ, आतला मुलामा किती टिकला? मी ऐकलंय की दोन-चार वेळा वापरलं की ओरखड्यातून गंज धरतो.

राइनकाठ

खरं आहे. बूच काढताना आतून पक्कड फिरते आणि तिथेच ओरखडा जातो. सहाव्या-सातव्या वापराला धुताना पाणी तांबूस आलं तेव्हा फेकलं. म्हणूनच आता मीही छोटा स्टीलचा वापरतो. पिंप फक्त भेट द्यायला.

यीस्टबंधू

कुपीचा विषय निघाला म्हणून हिशेब मांडतो. पुष्कळ लोक इथेच फसतात.

केगातून बीअर बाहेर काढायची म्हणजे तेवढीच जागा गॅसनं भरायची. ४ अंशांना ०.७ बारच्या, म्हणजे साधारण १० पीएसआयच्या (चौरस इंचाला पाउंड) दाबाला एका लिटरमध्ये ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. म्हणजे ५ लिटर ओतायला १६-१७ ग्रॅम. अख्खी एक १६ ग्रॅमची कुपी नुसती ओतण्यात गेली. ९.५ लिटरच्या छोट्या केगाला दोन. आणि ही गोष्ट गळती शून्य धरून, बीअरमध्ये गॅस आधीच आहे असं धरून.

बीअरमध्ये गॅस विरघळवायचाही कुपीनंच असेल तर विसरा. आंबून झालेल्या बीअरमध्ये खोलीच्या तापमानाला बीअरच्या आकारमानाच्या ०.८-०.९ पट गॅस असतोच, तो अडीच पटीवर न्यायला लिटरला आणखी सव्वातीन ग्रॅम लागतो. म्हणजे छोट्या केगाला आणखी दोन कुप्या. दर वेळी चार कुप्या फोडायच्या, तर वर्षाकाठी सिलिंडरची किंमत निघून जाते.

५ पाउंडाचं सिलिंडर घ्या, म्हणजे २.२७ किलो गॅस. धुणं, हवा काढणं, थोडी गळती हे सगळं धरूनही माझं एक सिलिंडर १९ लिटरच्या आठ-दहा केगांना पुरतं. छोट्या केगांना दुपटीनं. कुपी ठेवायचीच तर अंगणातल्या कार्यक्रमापुरती.

आणखी एक. सिलिंडरचा मोठा काटा बघून किती गॅस उरलाय ते कळत नाही. आत द्रवरूप गॅस असेपर्यंत दाब बदलतच नाही, काटा हलला की समजा संपलंच. फ्रिजमध्ये ठेवलं तर थंडीनं काटा खाली येतो, त्याला घाबरू नका. वजन करा. रिकाम्याचं वजन मानेवर ठोकलेलं असतं.

पेठकर

मी पुण्याचा. २००९ मध्ये इथल्या कॉरिंथियन्सला दूलाली ही बीअर तिथेच करणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून ताज्या बीअरची चटक लागली आहे. हा धागा वाचून हात शिवशिवतायत. इथे घरी करता येईल का? केग मागवता येईल का?

सातारी_कंदी

पेठकर, स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी बीअर आंबवणं हा गुन्हा आहे. थोडीच केली, घरच्यापुरती केली, या सबबी चालत नाहीत. त्या वाटेला जाऊ नका.

पण केग घ्यायला कुणाची आडकाठी नाही. सोडा करा, कोकम करा.

भटकी_मैना

कोकम सोडा! मी केलाय. अमृत कोकम पाण्यात जरा गोड करून, गाळून, फ्रिजमध्ये गार करून केगात. सोड्याला बीअरपेक्षा बराच जास्त दाब लागतो, मी ३० पीएसआयला चार दिवस ठेवते. मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या मुंजीला नऊ लिटर संपायला पाऊण तास लागला नाही. वरचा गुलाबी फेस बघायला पोरं रांगेत पुन्हा पुन्हा उभी राहत होती.

एक सावधगिरी: आगळ वापरू नका. त्यात मीठ असतं. मीठ आणि आंबट दोन्ही मिळून स्टेनलेस स्टीलवर बारीक खड्डे पाडतात. ब्लीचनं केग धुऊ नये त्याचंही कारण हेच.

पेठकर

धन्यवाद दोघांनाही. कोकम सोडा नक्की. यावरून आठवलं, आमच्या आळीत तुळशीबागेच्या अलीकडे गोटी सोड्याची गाडी असायची. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तिच्यावर रबराचं कडं. गॅस भरला की आतल्या दाबानं गोटी वर जाऊन कड्याला चिकटायची. अंगठ्यानं ठोकली की फट्! आणि अर्धा सोडा शर्टावर. केगचं झाकण कसं बसतं? स्क्रू असतो का?

सातारी_कंदी

वा पेठकर, केगचं सगळं मर्म तुम्ही गोटी सोड्यात सांगितलंत!

झाकण स्क्रूचं नसतं. लंबगोल असतं, तोंडही लंबगोल. झाकण तिरकं करून आत घालायचं, आतून फिरवून वर ओढायचं आणि तारेची कडी दाबायची. म्हणजे झाकण आतल्या बाजूनं तोंडाला टेकलेलं असतं, अगदी तुमच्या गोटीसारखं. कडी फक्त ते जागेवर धरते, घट्ट बसवतो तो गॅस. दाब जितका जास्त तितकं घट्ट. म्हणून नव्या माणसाची गफलत होते. भरून झालं की तो थेट १० पीएसआयवर लावून झोपतो, झाकण पुरतं बसलेलं नसतं, रात्रभर सुं सुं करत सिलिंडर रिकामं. आधी क्षणभर २५-३० पीएसआय द्यायचा, झाकण टक्कन बसल्याचा आवाज येतो, मग दाब खाली आणायचा.

आणि आत दाब असताना झाकण उघडायला जोर करू नका. आधी झाकणावरच्या गॅस सोडायच्या झडपेची रिंग ओढून गॅस सोडा.

हॉप्सवाला

टक्कन आवाज +१. शनिवारी भरून आणलेलं सिलिंडर सोमवारी रिकामं, हे माझ्या घरी दोनदा झालंय. दोन्ही वेळेला खांबाच्या कड्यातून. आता नवा केग लावला की भांड्याच्या साबणाचा फेस सगळ्या जोडांवर फवारतो. बुडबुडा आला की सापडलं.

लीड्सकर

मी वेगळा सूर लावतो. आमच्याकडे इंग्लंडात १९६३ पर्यंत घरी बीअर करायला परवाना लागायचा. तो उठल्यापासून लोक करतायत आणि त्यातले कितीतरी केगच्या भानगडीत पडतच नाहीत. आमची बिटर, माइल्ड, पोर्टर ही बीअर मुळातच कमी गॅसची, ११-१३ अंशांना प्यायची. तिला सिलिंडर कशाला?

मी पॉलिपिन वापरतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात जाड प्लास्टिकची घडी होणारी पिशवी, खाली तोटी. २० लिटरची असते, छोटीही मिळते. बीअर काढत गेलो की पिशवी आत बसत जाते, त्यामुळे हवा आत शिरत नाही. सुरुवातीला थोडा गॅस सुटतो तो तोटी वर करून सोडून द्यायचा. दोन-तीन आठवडे सहज चांगली राहते. मडक्यातल्या पाण्यासारखी मऊ, गारठवून जीभ बधिर करणारी नव्हे. अशा बीअरला माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव कळते.

रानवारा, तू आयपीएशिवाय काय करतोस ते सांगितलं नाहीस. निवड त्यावरही आहे.

रानवारा

सगळ्यांचे आभार! एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

लीड्सकर, बरोबर विचारलंत. वर्षातून सहा बॅच होतात. दोन धूसर आयपीए, दोन गव्हाच्या, हिवाळ्यात एक स्टाउट, एक जे सुचेल ते. म्हणजे चार बॅच भरपूर फेसाच्या. पॉलिपिन स्टाउटपुरती करून बघेन.

यीस्टबंधू, कुपीचा हिशेब वाचून ग्राउलर यादीतून गेला.

आता दोन शंका. सिलिंडर तळघरात फ्रिजशेजारी ठेवलं तर चालेल ना? आणि मित्राकडे केगमधून निम्मा ग्लास फेसच येतो, ते कशानं?

दाबमापक

पहिल्या शंकेला उत्तर देतो, आणि हे गंमतीत घेऊ नका. माझं काम औद्योगिक गॅसचंच आहे.

५ पाउंडाचं सिलिंडर पूर्ण गळलं तर खोलीच्या तापमानाला १,२०० लिटरच्या वर गॅस होतो. १० बाय १० ची, ८ फूट उंच बंद खोली म्हणजे सुमारे २२,६०० लिटर हवा. म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. चार टक्क्यांनाच तो जिवाला धोका मानला जातो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, तळघरात खाली साचतो. वास नाही, रंग नाही. श्वास जोरात चालायला लागला, डोकं जड झालं तर शोधत बसू नका, वर या आणि दारं उघडा.

तुझं तळघर मोठं असेल, जिन्याचं दार उघडं राहत असेल तर ठेव. नाहीतर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लाव, तोही जमिनीजवळ. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, तो इथे उपयोगाचा नाही. सिलिंडर उभं ठेव आणि पट्ट्यानं बांध. गाडीतून आणताना काच खाली, सिलिंडर उभं, आणि उन्हात गाडीत ठेवून दुकानात जायचं नाही. दर पाच वर्षांनी त्याची दाबचाचणी लागते, तारीख अंगावर ठोकलेली असते. तारीख उलटली असेल तर गॅसवाला भरून देणार नाही.

भटकी_मैना

दाबमापक, हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवलाय. माझी खोली १० बाय १२ ची आहे. आज अलार्म मागवते.

यीस्टबंधू

फेसाचं: दहातल्या आठ वेळा नळी आखूड असते. केगातला दाब ११-१२ पीएसआय, ग्लासच्या तोंडाशी शून्य. हा दाब वाटेत नळीच्या घर्षणात मुरायला हवा. ३/१६ इंच आतल्या व्यासाची नळी दहा फूट लांब ठेवा, केगाभोवती गुंडाळून. मित्राकडे तयार संचातली चार-पाच फुटी नळी असणार. उरलेल्या दोन वेळा बीअर गरम असते किंवा गॅस जास्त विरघळलेला असतो.

४ अंशांना ११-१२ पीएसआयवर दहा-बारा दिवस ठेवलं की अडीच पट गॅस नीट मुरतो. घाई असेल तर पहिले दीड दिवस ३० वर ठेवून मग खाली आणता येतं. केग हलवून हलवून तासाभरात गॅस भरणारे आहेत. मी करत नाही. एकदा जास्त झाला की उतरवायला दोन दिवस लागतात आणि खालचा साका सगळा ढवळून येतो.

भटकी_मैना

आणि आयपीए काळी पडू नये म्हणून हे करा. केग आधी जंतुनाशकानं काठोकाठ भरा, झाकण लावा आणि गॅसच्या दाबानं ते सगळं बाहेर ढकला. आत राहतो फक्त कार्बन डायऑक्साइड. मग आंबवण्याच्या भांड्यातून नळी बीअरच्या खांबाला जोडून खालून बीअर भरा. झाकण उघडायचंच नाही. २.५ गॅलनला हे पाच मिनिटांचं काम. माझी आयपीए दहाव्या आठवड्यालाही पिवळीधमक असते.

साखर घालून केगातच गॅस धरायचा असेल तर बाटल्यांच्या दोन-तृतीयांश पुरते. मी बाटल्यांना १९ लिटरला ११५ ग्रॅम डेक्स्ट्रोज घालायचे, केगात त्या प्रमाणात ७५ च्या आसपास, म्हणजे छोट्याला ३७-३८.

हॉप्सवाला

मैना, दहाव्या आठवड्यापर्यंत आयपीए उरतेच कशी तुझ्याकडे?

भटकी_मैना

एक केग चालू, दुसरा लपवलेला.

रानवारा

तीन आठवड्यांनी परत आलोय.

२.५ गॅलनचे दोन बॉल-लॉक घेतले, ५ पाउंडाचं सिलिंडर, दोन फाटे असलेला गॅसचा जोड आणि दहा फूट नळी. फ्रिजची उंची तीनदा मोजली. लोणची आपल्या जागी आहेत. दाबमापक, जमिनीपासून फूटभर वर अलार्म लावलाय.

एका बॅचचे दोन भाग केले. एका केगात आयपीए मैनानं सांगितलं तशी, झाकण न उघडता. दुसऱ्यात तीच बीअर, वर थोडे जास्त हॉप्स बारीक जाळीच्या पिशवीत. मोठा एकच केग असता तर हे जमलं नसतं. हॉप्सवाला, एवढं तुम्ही मान्य कराल.

पहिला ग्लास गढूळ आला, तळाचा साका होता. दुसरा भरला आणि खिडकीशी नेऊन धरला. पिकल्या हापूसच्या सालीचा रंग. वर दोन बोटं फेस, आणि एकेका घोटाला ग्लासला त्याची गोल रेघ राहत होती. बायकोला हाक मारली. ती सहसा अर्धा ग्लास घेते, त्या दिवशी स्वतः जाऊन पुन्हा भरून आणला. परवा मित्राकडे केग बर्फाच्या बादलीत उभा करून नेला, एक कुपी लावली. संध्याकाळपर्यंत रिकामा.

एक अडचण उरलीय. दुसऱ्या केगचं झाकण ३० ला टक्कन बसतं, पण मित्राकडे न्यायला दाब ५ च्या खाली आणला की कडेनं बारीक सुस्कारा ऐकू येतो. कड्याला व्हॅसलिन लावू का?

सातारी_कंदी

व्हॅसलिन नको. पेट्रोलियमनं काही रबरं फुगून मऊ पडतात. खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, वाटाण्याएवढं घे आणि कड्याला सगळीकडून चोळ. तरी सुस्कारा राहिला तर झाकण अर्धा फेरा फिरवून उलट्या दिशेनं बसव. लंबगोल तोंड क्वचित किंचित वाकडं असतं, एका बाजूनं बसत नाही ते दुसऱ्या बाजूनं बसतं. बसलं की खडूनं झाकणावर आणि केगवर खूण करून ठेव.